चार्ज घेताना

संग्रहालयात नोकरी लागली की ओळखीचे लोक विचारतात, "मग रोज जुन्या वस्तू बघायला मिळत असतील ना?" मिळतात. पण त्याआधी चार्ज घ्यावा लागतो.

चार्ज घेणं म्हणजे आधीच्या माणसाच्या ताब्यातली एकेक वस्तू नोंदवहीशी ताडून पाहायची, तिची अवस्था लिहायची आणि शेवटी 'वरीलप्रमाणे मिळाले' म्हणून सही करायची. त्या सहीनंतर जबाबदारी तुमची. उद्या एखादं नाणं कमी भरलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींसमोर हा कागद सहीसाठी येतो. माझ्या बरोबरीचे जे हे क्षेत्र सोडून गेले, त्यांच्याशी बोलताना पगाराच्या खालोखाल हेच कारण ऐकायला मिळतं : सगळं एकट्यावर पडलं. म्हणून माझा चार्ज कसा पार पडला ते सविस्तर लिहिते आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. त्यांना नोकरीवर घेणाऱ्यांनी तर ते जरूर वाचावं.

मी पुण्यात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. केलं आणि मुंबईत संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका घेतली. शिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हापासून आपल्या देशात या विषयाची चांगली परंपरा आहे. कापडावर आणि हस्तलिखितांवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो, हवेतली आर्द्रता एकदम वरखाली होऊ द्यायची नाही, भांडं उचलताना कधीही कानाला धरायचं नाही, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. पण नोंदवहीत असलेली वस्तू कपाटात सापडलीच नाही तर ते कुणाला सांगायचं, कुठल्या शब्दांत लिहायचं आणि तोवर रात्री झोप कशी लागायची, हे कुठल्याच तासाला आलं नव्हतं.

नोकरी मिळाली ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या मध्यम आकाराच्या संग्रहालयात. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती अनेक ठिकाणी आहे. पद सहायक अभिरक्षकाचं, म्हणजे असिस्टंट क्युरेटरचं, करार अकरा महिन्यांचा. आधीचे अभिरक्षक दुसरीकडे रुजू होऊन बरेच महिने लोटले होते, त्यामुळे समोरासमोर चार्ज देणारं कुणी नव्हतंच. ऑफिसातून किल्ल्यांचा जुडगा, तीन रजिस्टरं आणि 'महिनाअखेरपर्यंत पडताळणी पूर्ण करून अहवाल सादर करावा' असं पत्र हातात आलं.

पहिलं रजिस्टर १९३० च्या दशकातलं, त्यातली बरीच पानं मोडीत. दुसरं बाळबोध अक्षरात, कुणीतरी फार निगुतीने उतरवून काढलेलं. तिसरं म्हणजे कॉम्प्युटरवरची यादी, छापून बाइंड केलेली. एकाच समईच्या बुडाशी लाल रंगात एक क्रमांक, दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर दुसरा आणि चिकटपट्टीवर तिसरा. तिन्हींचा एकमेकांशी संबंध सांगणारा कागद कुठेच नव्हता. संग्रहालयात काम करणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. नवख्याला मात्र वाटतं की हा गोंधळ आपल्यालाच समजत नाहीये, बाकी सगळ्यांना समजतो.

मी रुजू झाले तेव्हा पावसाळा तोंडावर होता. स्टोअर तळमजल्यावर, खिडक्या सुरक्षेसाठी पक्क्या बंद केलेल्या, कपाटांत वर्षानुवर्षं घातलेल्या डांबरगोळ्यांचा वास. सकाळी दहाला आत जायचे आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेर यायचे नाही. दुसऱ्या आठवड्यापासून डोकं दुखायला लागलं. मळमळ, चिडचिड, संध्याकाळी घरी पोचल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नसे. घरच्यांना वाटलं कामाचा ताण. ऑफिसातल्या वडीलधाऱ्यांनी प्रेमाने सांगितलं, "मन घट्ट कर, सवय होईल." मलाही ते पटलं आणि मी मन घट्ट करत राहिले.

काही चित्रं तपासायला पुण्याहून एक जतनतज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्या स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या, एकच श्वास घेतला आणि मला विचारलं, "तू इथे किती वेळ बसतेस?" मी सांगितलं. त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. "अगं, नॅफ्थलीनने डोकं दुखतं, उलटीसारखं होतं. यात मन कुठून आलं?" मग आतल्या कोपऱ्यातल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. जुन्या काळी कातडी टिकवायला आर्सेनिक वापरायचे. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, काम झाल्यावर साबणाने हात, आणि चहाचा कप आत अजिबात आणायचा नाही."

त्यांनी त्याच दिवशी संचालकांना पत्र लिहिलं. एक खिडकी जाळी बसवून उघडता येईल अशी करून घेतली. डांबरगोळ्या टप्प्याटप्प्याने काढल्या आणि त्याऐवजी कपाटं ठराविक दिवसांनी उघडून कसर-वाळवीची पाहणी करायचं वेळापत्रक लावलं. भिंतीवर डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता सतत नोंदवणारं यंत्र, आलं. स्टोअरमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, हा नियम झाला. माझी डोकेदुखी थोड्याच दिवसांत गेली.

ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगते, कारण आमच्या क्षेत्रात तरुणांना खंबीर व्हायला फार लवकर सांगितलं जातं. आधी खोलीची हवा बघा. आधी शिडीचे पाय डुगडुगतात का ते बघा. आधी विचारा की चाळीस किलोचा वीरगळ ही मुलगी कुणाच्या मदतीने उचलते. ते सगळं नीट केल्यावर जे उरेल, त्याला मनाचा ताण म्हणू.

मनाचाही ताण होताच. माझ्या बाबतीत तो गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या, एका पेटीतून आला.

नोंद अशी होती : 'गंजिफा, दशावतारी, सावंतवाडी, रंगीत लाकडी पेटीसह, नग १२०.' दशावतारी गंजिफांचा पूर्ण संच १२० पानांचाच असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा गोल पानं. स्टोअरमधले आमचे मामा माझ्याबरोबर होते. ते तिथे शिपाई म्हणून लागले आणि निम्मं आयुष्य त्याच इमारतीत गेलं. आम्ही टेबलावर धुतलेली मलमल अंथरली आणि मत्स्यापासून एकेक रंग ओळीने लावत गेलो. लाखेची चकाकी अजून होती. काही पानांच्या कडा उचललेल्या, आतलं कापड दिसत होतं. परशुरामाच्या रंगापाशी आलो. एक परशू, दोन परशू, तीन, असं सातापर्यंत आलं आणि त्यानंतर एकदम नऊ. आठ परशूंचं पान नव्हतं. पेटी उलटी करून पाहिली, कप्प्यातला कागद उचलला, कपाटाचा खण बाहेर काढला. पानं ११९.

मी पेटी बंद करायला लागले. मनात एवढंच होतं की उद्या सकाळी परत मोजू, कदाचित मिळेल. मामांनी माझा हात थांबवला. "ताई, पेटी बंद नका करू. आत्ताच लिहा. दोघांनी मोजली, अमुक वाजता मोजली, एवढी भरली. खाली माझंबी नाव घाला."

मला आजही वाटतं की माझ्या नोकरीतला सर्वांत मोलाचा सल्ला तो होता. साध्या कागदावर आम्ही वेळ घालून लिहिलं, मी सही केली आणि मामांनीही केली. इतक्या वर्षांत कुठल्याही वस्तूच्या कागदावर त्यांची सही कुणी मागितली नव्हती. सही करण्यापूर्वी त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

तो कागद घेऊन मी वर गेले. एका जबाबदार माणसाने सांगितलं, "आधी सगळ्या यादीवर सही करून टाक, एका पानाचं नंतर बघू." दोन रात्री मला झोप आली नाही. डोळे मिटले की क्रमांक दिसायचे. आईला फोनवर काही सांगता येईना, कारण एक पत्त्यासारखं पान हरवलंय एवढ्यावर कुणी का रडेल, हे तिला समजावायचं कसं?

तिसऱ्या दिवशी संचालक बाहेरगावाहून परतले. त्यांनी आमचा कागद वाचला, काहीही भाषण केलं नाही, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं : 'पाहिले. जुन्या नोंदी तपासून शोध चालू ठेवावा. निष्कर्ष निघेपर्यंत ही तफावत कोणाही एका व्यक्तीच्या नावावर धरू नये.' सही, तारीख, शिक्का. त्या रात्री मी झोपले.

पुढे उलगडा झाला तो मोडीमुळे. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना मोडी छान वाचता येते. त्यांनी पहिलं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून वाचलं : 'गंजिफा पेटी, पाने ११९, परशुरामाचे आठ नाही.' म्हणजे संच संग्रहालयात आला तेव्हाच अपुरा होता. बाळबोध रजिस्टर उतरवणाऱ्याने, पूर्ण संच १२० चा असतो हे ठाऊक असल्याने, तसं लिहून टाकलं असणार. तिथून तो आकडा कॉम्प्युटरवर गेला. मधल्या काळात त्या आकड्यावर किती जणांनी सही केली असेल? त्यांतल्या कुणी खरोखर मोजली असतील, तर त्यांनीही माझ्यासारख्या रात्री काढल्या असतील, आणि एकटे असल्यामुळे शेवटी गप्प बसले असतील.

यानंतर आमच्याकडे पडताळणीची पद्धत बदलली. एकट्याने काहीही मोजायचं नाही. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, त्यात एक जण स्टोअरमधला जुना माणूस हवाच. तफावत निघाली तर ती वेगळ्या कागदावर त्याच दिवशी लिहायची आणि चोवीस तासांत संचालकांनी ती पाहिल्याची नोंद करायची. महिनाअखेरची मुदत रद्द झाली. विभागवार मुदत ठरली : आधी कापड, मग धातू, मग कागद.

त्याच सुमारास इक्रोमच्या री-ऑर्ग पद्धतीची पुस्तिका आम्ही वाचायला घेतली. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या, रोमला मुख्यालय असलेल्या या आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोबरोबर, छोट्या संग्रहालयांची स्टोअर कमी पैशांत कशी लावावीत, याची पद्धत तयार केली आहे आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. त्यातल्या दोन कसोट्या मी स्टोअरच्या दारावर मराठीत लिहून लावल्या. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. हे नियम वस्तूंसाठी आहेत, पण त्याचा पहिला फायदा आम्हाला झाला. कुणी वरून फोन करून 'तो हुक्का आहे ना जागेवर?' असं विचारलं की पूर्वी पोटात गोळा यायचा. आता मी फोन चालू ठेवूनच कपाट उघडते.

दसऱ्याच्या आधी आणखी एक प्रसंग आला. तो प्रसंग महाराष्ट्रातल्या शस्त्रं बाळगणाऱ्या बहुतेक संग्रहालयांना ओळखीचा असेल. एका वजनदार गृहस्थांचा निरोप आला की शस्त्रपूजनाला संग्रहातली धोप तलवार एका दिवसासाठी घरी हवी, पूर्वी नेत असत. माणूस भला, संग्रहालयाला देणगी देणारा. माझ्या वयाच्या मुलीने त्यांना तोंडावर 'नाही' म्हणायचं कसं? अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलीने तर कसंच?

तोवर आमच्याकडे वस्तू हलवण्याचा फॉर्म तयार झाला होता. वस्तू इमारतीबाहेर जाणार असेल तर कारण, वाहतूक, विमा, जाण्यापूर्वीचा आणि परतल्यावरचा अवस्था-अहवाल, अभिरक्षकाची सही आणि विश्वस्त मंडळाची मंजुरी. मी तो फॉर्म नम्रपणे त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, परत केला आणि विचारलं, "मग पूजा इथेच केली तर?" ते आम्ही आनंदाने केलं. शस्त्रदालनात सगळे कर्मचारी जमले. शोकेस उघडली नाही. हळद-कुंकू आणि ओला हात लोखंडाला लागला की गंज धरतो, हे मी समजावून सांगितलं आणि काचेबाहेरच्या चौरंगावर झेंडूची फुलं वाहिली. ते गृहस्थ सहकुटुंब आले, नातवाला तलवारीची मूठ दाखवत बराच वेळ थांबले. कुणाचाही अपमान झाला नाही. नियम कागदावर होता म्हणून मला एकटीला कणखर व्हावं लागलं नाही.

हे सगळं चालू असताना आधार होता तो माझ्या बरोबरीच्यांचा. पदविकेतल्या आम्ही काही मैत्रिणी, नागपूर, कोल्हापूर आणि पणजीचे ओळखीतून जोडलेले काही जण, बडोद्याला शिकणारी एक मराठी मुलगी, असा गट तयार झाला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल. संस्थेचं नाव घ्यायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, आणि प्रत्येक वेळी एकाने आपला अडलेला एकच विषय मांडायचा. बाकीच्यांनी 'तू असं करायला हवं होतंस' म्हणायच्या आधी विचारायचं, 'तुला आत्ता काय हवंय? सल्ला, की नुसतं ऐकणारं कुणी?'

या शनिवारी काय काय निघतं! कराराच्या मध्ये मुद्दाम घातलेला खंड, शाळांच्या सहलींना दिवसभर माहिती सांगून गेलेला आवाज, लेबलवर ऐतिहासिक व्यक्तीच्या नावामागे आदरार्थी शब्द राहिला म्हणून आलेले धमकीचे फोन. या शेवटच्या विषयाचं महाराष्ट्रात विशेष गांभीर्य आहे. ५ जानेवारी २००४ ला शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो किंवा शाळेतही नव्हतो, पण आमच्या शिक्षकांच्या पिढीने ते जवळून पाहिलं आहे. त्यांच्यापैकी एकांना आम्ही एका शनिवारी बोलावलं. त्यांनी सांगितलं की लेबलवरचा आक्षेप नेहमी लेखी मागा, उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर संचालकांच्या सहीने जाऊ द्या, आणि काउंटरवर बसणाऱ्या मुलाला कधीही एकट्याने वाद घालू देऊ नका. आमच्यातल्या तिघांनी तो नियम आपापल्या ठिकाणी लागू करून घेतला.

एका मैत्रिणीला महिनोन्‌महिने रडू येत होतं. ते आमच्या बोलण्याने बरं होण्यासारखं नव्हतं. गटातल्या एकाने तिला १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकाबद्दल सांगितलं. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. ती रात्री बोलली, तिथून तिला डॉक्टरांकडे पाठवलं, उपचार सुरू झाले. ती आज त्याच संग्रहालयात काम करते आहे. हा क्रमांक आता आमच्या स्टोअरच्या दारावर, त्या दोन कसोट्यांच्या खाली लिहिलेला आहे.

१८ मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाचा २०२३ चा विषय 'संग्रहालये, शाश्वतता आणि स्वास्थ्य' हा होता. त्या वर्षी सगळीकडे चांगले कार्यक्रम झाले. कॅनडात मॉन्ट्रियलच्या ललितकला संग्रहालयात २०१८ पासून डॉक्टर रुग्णांना संग्रहालयभेट लिहून देऊ लागले, त्याचं उदाहरण मीही विद्यार्थ्यांना देते. वस्तूंच्या सहवासात माणसाला बरं वाटतं, हे मी रोज पाहते. वृद्धाश्रमातल्या आजी आमच्या जात्यापाशी येऊन ओव्या म्हणायला लागतात, तेव्हा दालनातलं कुणीही हलत नाही. पण त्या आजींना जात्यापाशी नेणारी मुलगी सकाळपासून उभी आहे, तिला बसायला स्टूल नाही आणि पुढच्या महिन्यात नोकरी आहे की नाही हे माहीत नाही. स्वास्थ्याचा विचार तिच्यापासून सुरू झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माझा चार्ज पूर्ण झाला तो दिवाळीनंतर. शेवटच्या अहवालात तफावतींचा वेगळा भाग होता आणि प्रत्येकीपुढे दोन सह्या. त्याबरोबर मी आणि मामांनी विश्वस्तांना चार सूचना दिल्या. पडताळणी जोडीनेच व्हावी. हातमोजे, मास्क आणि स्टोअरच्या हवेसाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद असावी. जाणारा आणि येणारा माणूस काही आठवडे एकत्र काम करेल अशी नेमणूक व्हावी. या तिन्ही मान्य झाल्या. चौथी होती कराराची मुदत किमान तीन वर्षं करण्याची, ती बाजूला ठेवली गेली.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आम्ही ती पुन्हा दिली आहे. सोबतच्या पत्रात कारण लिहिलं आहे : स्टोअरमध्ये ओल कुठून येते, कुठल्या कपाटाला आधी कसर लागते, हे समजायला एका माणसाला दोन पावसाळे तरी लागतात आणि अकरा महिन्यांत एकच मिळतो. तोवर नाणेविभागाची पडताळणी सुरू केली आहे. मामा निवृत्त झाले, पण आठवड्यातून दोनदा मानधनावर येतात, आणि त्यांच्या शेजारी बसून आता नवी रुजू झालेली मुलगी मोजते आहे.